शोरूम ओस, रॅम्पवर तीन आठवड्यांची रांग

पत्र: काका, मी छत्तीस वर्षांचा आहे. मोठ्या, महागड्या मोटरसायकली विकणाऱ्या एका डीलरकडे बारा वर्षं मेकॅनिक म्हणून काम करतोय. दोन वर्षांपासून विक्री उतरत चाललीय. गेल्या महिन्यात विक्रीतल्या दोघांना कमी केलं. लोक येतात, सीटवर बसून बघतात, किंमत विचारतात आणि 'कळवतो' म्हणून जातात. घेणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. आमच्या सर्व्हिसला मात्र तीन आठवडे नंबर लागत नाही, त्यावरून ग्राहकांशी रोजची वादावादी. स्वतःचं गॅरेज काढायचं म्हणून मी पैसे साठवलेत, पण जो तो म्हणतो की मोटरसायकलचा धंदा संपला, महागाईत कोण गाड्या घेतंय, पुढं सगळं इलेक्ट्रिकच होणार. बायको म्हणते, अजून वय आहे, दुसरं काहीतरी शिका. धंदा खरंच बुडतोय का? मी काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर: नाव छापत नाही, काळजी नको.

तुम्ही जिथं उभे आहात तिथून धंदा आटलेला दिसतोय, आणि तो तुमचा भ्रम नाही. हार्ले-डेव्हिडसननं २००६ साली जगभरात साडेतीन लाखांच्या आसपास गाड्या पाठवल्या होत्या. २०२४ मध्ये तोच आकडा दीड लाखाच्या आसपास आला. म्हणजे अठरा वर्षांत निम्म्याहूनही खाली. तुमचे ग्राहक पन्नाशीच्या पुढचे आहेत, तेही जगावेगळं नाही. अमेरिकेत १९९० साली मोटरसायकल मालकाचं मधलं वय ३२ होतं, म्हणजे निम्मे मालक त्याहून लहान आणि निम्मे मोठे. २०१८ मध्ये ते ५० झालं. अठ्ठावीस वर्षांत अठरा वर्षांची वाढ, याचा अर्थ बऱ्याच अंशी तीच पिढी गाड्या घेत राहिली, बदलत राहिली, आणि मागून पोरं आलीच नाहीत. त्या पिढीचे गुडघे कुरकुरायला लागले की शोरूम ओस पडणारच.

पण ही झाली शौकाच्या गाडीची गोष्ट. कामाच्या गाडीचं गणित निराळं आहे. होंडानं २०२५ च्या मे महिन्यात आपली पन्नास कोटीवी दुचाकी बनवली. मार्च २०२५ ला संपलेल्या एका वर्षात एकट्या होंडानं जगभरात दोन कोटींहून जास्त दुचाक्या विकल्या. बुडणाऱ्या धंद्याचे आकडे असे नसतात. ज्याला सकाळी उठून कामावर जायचंय, पाठीमागं दूधाचे कॅन किंवा पोरं बसवायचीत, तो गाडी हौसेसाठी घेत नाही. महाग झाली तर कुरकुरतो, वर्षभर थांबतो, पण शेवटी घेतो.

तो थांबतो हेही मात्र विसरून चालणार नाही, कारण महागाई नेमकी तिथंच चावते. दुचाक्यांची जगातली सगळ्यात मोठी बाजारपेठ भारत. तिथं २०१८-१९ मध्ये २ कोटी ११ लाख दुचाक्या खपल्या. मग एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम आले, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आलं, त्याच्या आधी एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) किंवा पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लावणारे जोडब्रेक सक्तीचे झाले होते, विम्याचे पैसेही सुरुवातीलाच एकदम अनेक वर्षांचे भरावे लागू लागले, आणि त्यात कोरोना. २०२१-२२ मध्ये खप १ कोटी ३५ लाखांच्या आसपास कोसळला. तेव्हाही लोक म्हणालेच होते, संपलं म्हणून. २०२४-२५ मध्ये तो परत १ कोटी ९६ लाखांवर आला. त्यातही एक मेख आहे. स्कूटरनं आपला जुना उच्चांक मागं टाकला, मोटरसायकल त्या वर्षीही मागंच होती: २०१८-१९ च्या १ कोटी ३६ लाखांवरून १ कोटी २२ लाखांवर. पहिली गाडी घेणारा सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस जो गळाला, तो तोवर पुरता परत आलेला नव्हता.

इंडोनेशियातही २०११ मध्ये ८० लाख दुचाक्या खपल्या, २०२४ मध्ये ६३ लाख. पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो जपानचा आकडा. १९८२ मध्ये एकट्या जपानात ३३ लाखांच्या आसपास दुचाक्या विकल्या गेल्या. होंडा आणि यामाहाचं तेव्हा हातघाईचं युद्ध चाललं होतं, आठवड्याला नवी गाडी काढल्यासारखी मॉडेलं निघत होती, मालाचे ढीग लागले होते. आज तिथला वर्षाचा खप चार लाखांच्या आसपास आहे. नव्वद टक्के घसरण हाका-बोंबा न होता पचली, आणि त्याच जपानच्या कंपन्या आजही जगाला गाड्या विकतायत. घरची विहीर आटली तर त्यांनी दुसरीकडं बोअर मारली.

तुम्ही महागाईचं म्हणता, त्यावर थोडं थांबतो, कारण यात लोक घोळ करतात. महागाई धरून हिशेब केला, तर १९६९ ची होंडा सीबी ७५० आजच्या साडेसातशे सीसीच्या होंडापेक्षा महागच पडते. आणि आजच्या गाडीत एबीएस आहे, इंजेक्शन आहे, मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल आहे. मग शोरूममध्ये माणूस किंमत ऐकून गार का पडतो? एक तर पगार तेवढे वाढलेले नाहीत. कर्जावरचं व्याज, विमा, टायर, जाकीट-हेल्मेट हे सगळं गाडीच्या किमतीत लिहिलेलं नसतं आणि भरावं लागतंच. दुसरं म्हणजे कंपन्यांनीच मधल्या, साध्या गाड्या काढून घेतल्या. गाडी विकली की मिळणारा नफा मोठ्या गाडीत जास्त, म्हणून सगळे वरच्या मजल्यावर चढत गेले. रंगीत स्क्रीन, झुकाव मोजणारे सेन्सर, तापणारी सीट, सहा रायडिंग मोड. (त्यातले चार कुणी वापरत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.)

हा वर चढण्याचा रोग जुना आहे. एके काळी जगात मोटरसायकल म्हणजे ब्रिटिश मोटरसायकल. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी जपान्यांनी लहान गाड्या आणल्या, तर इंग्रज म्हणाले, लहान गाडीत काय राम आहे, ती जाऊ द्या त्यांना. पोरगा लहान गाडीवर शिकेल आणि मग मोठी घ्यायला आपल्याकडंच येईल. पोरगा लहान होंडावर शिकला आणि मोठी होंडा घेऊन गेला. लहान गाडी सोडली, मग मधली सोडली, शेवटी सोडायला काही उरलं नाही. सत्तरच्या दशकात बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ सगळ्यांची वाताहत झाली. हे मी इतिहास म्हणून सांगत नाही. तुमच्या मालकांच्या शोरूममध्ये नवशिक्याला परवडेल अशी एक तरी गाडी उभी आहे का, हे उद्या जरा बघा.

ज्यांना हे कळलं ते सावरतायत. ट्रायम्फनं बजाजबरोबर चारशे सीसीची गाडी काढली, हार्लेनं हीरोबरोबर चारशे चाळीसची, दोन्ही २०२३ मध्ये. ट्रायम्फचा एकूण खप २०२४ मध्ये सव्वा लाखाच्या पुढं गेला. रॉयल एनफिल्ड, जिला मधल्या आकाराशिवाय दुसरं फारसं काही बनवताच येत नाही असं लोक हसून म्हणायचे, तिनं २०२४-२५ मध्ये दहा लाखांचा आकडा ओलांडला.

आणि ज्यांनी खप कायम चढाच राहणार असं धरलं, त्यांच्यातलं ठळक नाव केटीएम. कोरोनानंतर लोक गाड्यांवर तुटून पडले होते, म्हणून कारखाना तसाच धावत ठेवला. मागणी मंदावली, व्याज वाढलं, आणि लाखाहून जास्त गाड्या न विकता गोदामात आणि डीलरांकडं उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सावकारांनी आणि माल पुरवणाऱ्यांनी शंभरातले तीस घेऊन समाधान मानलं. मार्चमध्ये उत्पादन सुरू झालं आणि सुटे भाग मिळेनात म्हणून परत थांबलं, कारण ज्यांनी सत्तर टक्के बुडवून घेतले होते ते उधारीवर माल कशाला देतील? शेवटी बजाजनं पैसे ओतून कंपनी सावरली. गाडी वाईट होती म्हणून केटीएम अडचणीत आली नाही. माल अंगावर पडला. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढं तुमच्याच कामाला येणार आहे.

आता तुमच्याकडं येतो. तुमच्या पत्रात विक्रीबद्दल चार-पाच वाक्यं आहेत आणि सर्व्हिसबद्दल एक. तीन आठवडे नंबर लागत नाही. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. मी मेकॅनिक माणूस, मला तेच वाक्य आधी दिसलं.

नवी गाडी महाग झाली की जुनी गाडी जास्त वर्षं चालवली जाते. तीन वर्षांनी बदलणारा सात वर्षं ठेवतो, सातवाला बारा. सेकंडहँडला भाव येतो. आणि गाडीचं वय वाढलं की काम बदलतं. पहिल्या तीन वर्षांत ऑइल, फिल्टर, चेन ताणणं. पुढं खरी मजुरी सुरू होते: स्टेअरिंगचे बेअरिंग, फोर्कचे सील, क्लच प्लेटा, व्हॉल्व्हची फट. तुमच्या मोठ्या गाड्यांत तर टाकी काढा, एअरबॉक्स काढा, मग कुठं व्हॉल्व्ह कव्हर दिसतं. फट मोजणाऱ्या फीलर गेजची पाती सरकवून बघायची, समजा ०.१५ मिलिमीटरची जायला हवी, ती अडखळते, ०.१० ची जाते, म्हणजे फट कमी झालीय. मग कॅम काढून शिम, म्हणजे फट राखणारी छोटी चकती, बदलायची. दिवसभराचं काम, सुट्या भागाची किंमत नगण्य, सगळी मजुरी हाताची. शोरूमच्या मंदीत अशा कामांना तेजी असते.

इलेक्ट्रिकची भीती घालणाऱ्यांनाही एक सांगा. लहान स्कूटर झपाट्यानं विजेवर जाणार, जातायतच, आणि ज्यांचं पोट फक्त स्कूटरच्या ऑइल बदलण्यावर आहे त्यांनी घाबरायलाच हवं. मोठ्या मोटरसायकलीचं तसं नाही. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो आणि त्यात साधारण नऊ युनिट ऊर्जा. इंजिन त्यातली तीन चतुर्थांश उष्णतेत घालवतं असं धरलं तरी दोन युनिटांच्या वर चाकाला मिळते. तेवढ्यासाठी, म्हणजे एकेका लिटरमागं, दहा किलोच्या पुढं बॅटरी लागते. कारमध्ये ती जमिनीखाली पसरता येते. मोटरसायकलमध्ये ठेवायची कुठं? म्हणून हार्लेच्या घरातल्या, विजेच्या मोटरसायकली बनवणाऱ्या लाइव्हवायर कंपनीच्या २०२४ मध्ये साऱ्या जगात ६१२ गाड्या खपल्या, आणि तशाच गाड्या बनवणारी इटलीची एनर्जिका त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. बॅटऱ्या सुधारतील, पण तुमचं गॅरेज उभं राहून कर्ज फिटेपर्यंत पेट्रोलची मोठी गाडी दुरुस्तीच्या रॅम्पवर येत राहील.

धंदा संपला हे मी स्वतः दोनदा ऐकलंय. मी टू-स्ट्रोक या जुन्या धाटणीच्या इंजिनावर शिकलो. पोर्ट घासून गाडी पळवण्यात माझा हात होता, लोक लांबून यायचे. टू-स्ट्रोक गेली तेव्हा वाटलं, आता आपण काय करणार. मग कार्ब्युरेटर गेला. माझ्याकडं आलेली पहिली इंजेक्शनची गाडी मला अजून आठवते. चालता चालता बंद पडायची, गार झाली की सुरू. मी पंप बदलला. इंजेक्टर काढून साफ केला. ग्राहकाला दोन दिवस बसवून ठेवलं. शेवटी हेडलाइटच्या मागं हात घातला तर वायरी जोडणाऱ्या एका कपलरच्या पिनेवर हिरवा गंज चढलेला. खरवडलं, स्प्रे मारला, गाडी सुरू. पंपाचे पैसे परत केले आणि त्या रात्री पहिल्यांदा वायरिंगचा नकाशा मांडून बसलो. तुम्ही बारा वर्षं डीलरकडं आहात, स्कॅनर लावून एरर कोड वाचता. पण स्कॅनर म्हणतो 'सेन्सर खराब', आणि दहातल्या निम्म्या वेळा सेन्सर चांगला असतो, वायर तुटलेली असते. मल्टिमीटर घेऊन ती वायर शोधणारा माणूस पेट्रोलच्या गाडीलाही लागतो आणि विजेच्याही. वहिनी म्हणतात दुसरं काहीतरी शिका. तर हे शिका. फक्त विजेच्या गाडीचं बॅटरी पॅक रीतसर प्रशिक्षण घेतल्याशिवाय उघडू नका, ते जीवावरचं काम आहे.

गॅरेज काढा, असं मी लगेच म्हणणार नाही. त्याआधी एक वही सुरू करा. सहा महिने, तुमच्या हाताखालून जाणारी प्रत्येक गाडी लिहा: किती वर्षांची, किती चाललेली, काम काय, किती तास, आणि वॉरंटीत होती की बाहेर. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तुमची तीन आठवड्यांची रांग जर फुकट सर्व्हिस, वॉरंटीची कामं आणि कंपनीनं परत बोलावलेल्या गाड्यांची असेल, तर ती रांग डीलरची आहे. तुम्ही बाहेर पडलात तर त्यातला एकही माणूस तुमच्यामागं येणार नाही, येऊच शकत नाही. पण वॉरंटी संपलेल्या गाड्या निम्म्याहून जास्त असल्या, तर तुमचं गिऱ्हाईक आत्ताच ताटकळत उभं आहे.

मालकांच्या रजिस्टरमधले फोन नंबर मात्र उतरवून नेऊ नका. पुष्कळजण नेतात. त्यापेक्षा वही झाली की सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसा. विक्री उतरलीय, सर्व्हिसवर तक्रारी येतायत, म्हणजे ते दोन्हीकडून चेपले गेलेत. वॉरंटीबाहेरची जुनी गाडी त्यांना खरं तर नकोच असते, रॅम्प अडवते. ती कामं तुमच्याकडं पाठवायला ते तयार होण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे. नाही म्हणाले तरी चोरून गेल्याचा शिक्का बसणार नाही. हे जग लहान असतं.

आणि केटीएमचं सांगितलं ते इथं. सुरुवातीला जाकिटं, सायलेन्सर, लाइटी असला माल भरू नका, कुणी कितीही उधारीवर दिला तरी. नव्या ब्रँडची एजन्सी घेण्याचा मोह होईल, तोही टाळा, तुम्हाला त्या शोरूमच्या काचेतून बाहेर पडायचंय. गाडी आली की भाग मागवायचा. जागा साधी असली तरी चालेल, रॅम्प मात्र चांगला घ्या, पाठ एकच असते. हाताच्या मजुरीचं काम स्वस्तात करू नका. शिम बदलायला पाच तास लागले तर पाच तासांचे लावा. ऑनलाइन भाग मागवून आणणारे येतील, 'फक्त बसवून द्या' म्हणतील. बसवा, पण मजुरी पूर्ण घ्या आणि त्या भागाची जबाबदारी तुमची नाही हे बिलावर लिहा. या एका ओळीनं माझी किती भांडणं वाचली असतील! दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं ग्राहकाला समजावून सांगा. ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग एबीएसचा पंप आतून गंजतो, आणि तो बदलायची पाळी आली की माणूस गाडीच विकायला काढतो.

वहिनींची भीती खोटी नाही. त्यांनी शोरूममधल्या दोघांची नोकरी गेल्याचं ऐकलंय, रॅम्पवरची रांग बघितलेली नाही. तुम्ही समजावत बसू नका, वही दाखवा. आणि साठवलेल्यातून वर्षभराचा घरखर्च आधी बाजूला काढून त्यांच्या नावावर ठेवा. तो सोडून उरलेल्यात गॅरेज उभं राहत नसेल, तर अजून वर्षभर नोकरी करा. रांग कुठं पळून जात नाही.

वही भरली की मला पाठवा. सहा महिन्यांचे रकाने बघून सांगतो, रॅम्प एक घ्यायचा की दोन.